थेंबभर लाळ आणि निघालेले फिलिंग

खडकी बाजारात, बोपोडीत किंवा औंध रस्त्यावर दाताच्या कुठल्याही दवाखान्यात बाकावर तासभर बसा, एक तक्रार हमखास कानावर पडते : ‘मागच्याच वर्षी भरून घेतली होती ही दाढ, परत निघाली!’ मग बाकावरच चर्चासत्र सुरू होते. कोणी म्हणतो सिमेंट हलक्या प्रतीचे असणार. कोणी म्हणतो, पूर्वी चांदी भरायचे ते बरे होते, वीस-वीस वर्षे हलायची नाही. चिक्की, सुपारी, डॉक्टरांचा हात, सगळ्यांवर संशय घेऊन होतो. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. दाढ भरली जात होती तेव्हा ती कोरडी होती का?

प्रश्न साधा आहे, पण तोंडासारख्या जागी कोरडेपणा राखणे ही सोपी गोष्ट नाही. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ येते. जिभेचे टोक गालाच्या आतल्या बाजूला, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर फिरवून पाहा. एक बारीकसा उंचवटा लागेल. कानापुढच्या मोठ्या लाळग्रंथीची नळी तिथे उघडते. जिभेखाली, खालच्या पुढच्या दातांच्या मागे आणखी दोन नळ्यांची तोंडे आहेत. म्हणजे वरून झरा, खालून झरा आणि मधे दाढ. त्यातही खालच्या मागच्या दाढा म्हणजे सखल भागातली घरे, पाणी पहिल्यांदा तिथेच शिरते. शिवाय श्वासाची वाफ आहे, हिरडीच्या कडेने झिरपणारा द्रव आहे, हिरडी सुजलेली असेल तर रक्त आहे आणि ड्रिल तापू नये म्हणून सोडलेला पाण्याचा फवारा आहे. भर म्हणून जीभ. तिला काय चालले आहे ते बघायचेच असते.

लाळेला नावे ठेवण्याचे मात्र कारण नाही. तोंडातले आम्ल ती सौम्य करते, दाताला कॅल्शियम परत देते, घास गिळायला मदत करते. गळ्याच्या किंवा तोंडाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या ज्या रुग्णांची लाळ आटते, त्यांचे दात किती झपाट्याने किडतात हे पाहिले म्हणजे तिची किंमत कळते. फक्त दात भरण्याच्या त्या अर्ध्या तासात तिने त्या एका दातापासून लांब राहावे, एवढीच अपेक्षा.

ही अपेक्षा पूर्वीपेक्षा आज जास्त कडक का झाली, हे समजायला दातात काय भरले जाते ते पाहावे लागेल. ज्याला आपण ‘चांदी’ म्हणतो ती चांदी, कथील, तांबे आणि पारा यांची मिश्र धातू. ती दाताला चिकटत नाही. डॉक्टर खड्डाच असा कोरतात की आत रुंद आणि तोंडाशी अरुंद, त्यामुळे भरलेली धातू त्यात अडकून बसते. ओलावा तिलाही चांगला नाही, पण थोड्याफार चुका ती पोटात घालते. पाऱ्याच्या प्रदूषणामुळे मात्र जग तिच्यापासून दूर चालले आहे. पाऱ्याबाबतचा मिनामाता करार २०१७ मध्ये अमलात आला, भारत २०१८ मध्ये त्यात रीतसर सामील झाला आणि युरोपीय संघाने तर १ जानेवारी २०२५ पासून ही चांदी भरणे जवळजवळ थांबवलेच आहे. रुग्णांनाही ती नको असते. हसताना काळी दाढ दिसते ना!

तिच्या जागी आले दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट. हे अडकून बसत नाही, चिकटते. आणि चिकटवण्याचे सगळे नियम त्याला लागू पडतात. घरात भिंतीवर हूक चिकटवताना पाकिटावर काय लिहिलेले असते? जागा स्वच्छ पुसा, कोरडी करा. ओल्या भिंतीवर लावलेला हूक दोन दिवस टिकतो आणि तिसऱ्या दिवशी टॉवेलसकट खाली येतो.

दाताला चिकटवण्याची युक्ती मायकेल बुओनोकोर या अमेरिकी दंतवैज्ञानिकाने १९५५ मध्ये दाखवून दिली. दाताच्या कवचावर, म्हणजे एनॅमलवर, फॉस्फोरिक आम्ल थोडा वेळ लावले तर त्यात सूक्ष्म खळगे पडतात. आज यासाठी सुमारे ३७ टक्के तीव्रतेचा जेल वापरतात, बहुधा निळ्या रंगाचा, आणि तो पंधरा ते तीस सेकंद ठेवून धुऊन टाकतात. वाळवल्यावर एनॅमल दुधी काचेसारखे पांढुरके दिसते. मग त्यावर पातळ बाँडिंग द्रव लावतात. तो त्या असंख्य खळग्यांत उतरतो आणि निळ्या प्रकाशाखाली तिथेच घट्ट होतो. जणू लाखो बारीक मुळे दातात रुजतात. त्यावर कॉम्पोझिटचे थर, साधारण दोन-दोन मिलिमीटरचे, प्रत्येक थर वेगळा प्रकाश देऊन.

आता या साखळीत मधेच थेंबभर लाळ आली असे समजा. लाळ म्हणजे नुसते पाणी नव्हे, त्यात प्रथिने असतात. काही सेकंदांत त्यांचा पातळ थर त्या खळग्यांवर बसतो आणि नुसती हवा मारून तो जात नाही. डॉक्टरांच्या लक्षात आले तर पुन्हा धुणे, गरजेप्रमाणे पुन्हा आम्ल, पुन्हा पहिल्यापासून. लक्षात आले नाही तर? फिलिंग त्या दिवशी उत्तम दिसते. रुग्ण खूश, डॉक्टर खूश. कडेला मात्र डोळ्यांना न दिसणारी फट राहून गेलेली असते. काही महिन्यांनी थंड पाणी लागले की ठणका, मग कडेला तपकिरी रेघ, मग फिलिंगच्या खाली नवी कीड. एखादे फिलिंग अख्खेच सुटून हातात येते. त्यात निदान प्रामाणिकपणा तरी आहे. जे सुटत नाही आणि आतून किडत राहते, ते रूट कॅनालपर्यंत नेऊन सोडते.

दारूगोळा कारखान्याच्या गावाला कोरडेपणाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा. इथल्या कित्येक घरांत दोन-तीन पिढ्यांनी तिथे नोकरी केली आहे. ओल लागलेली दारू बाहेरून कोरडीसारखीच दिसते, फरक कळतो तो ऐन वेळी. फिलिंगचेही तसेच आहे.

एक बारकावा इथे सांगायला हवा, कारण ‘कोरडे’ म्हणजे भट्टीत भाजल्यासारखे कोरडे नव्हे. एनॅमलच्या आतला थर, डेंटीन, मुळातच किंचित ओलसर असतो. तो फार वाळवला तर त्यातले तंतू आक्रसतात आणि बाँडिंग नीट उतरत नाही. म्हणून खरी गरज आहे ती नियंत्रणाची. किती ओलावा, कुठला ओलावा, हे डॉक्टरांनी ठरवायचे, लाळेने नाही. दंतशास्त्रात याला आयसोलेशन म्हणतात. कोविडने आपल्याला त्याचा मराठी शब्द तोंडपाठ करून दिला आहे : विलगीकरण. इथे माणसाऐवजी एका दाताचे.

विलगीकरणाचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे कापसाच्या गुंडाळ्या आणि लाळ ओढणारी सक्शनची नळी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एवढ्यावरच काम होते. वरच्या पुढच्या दाताचे छोटे काम असेल, मदतनीस तयार असेल आणि रुग्ण स्थिर बसणारा असेल तर ते चालूनही जाते. पण खालची मागची दाढ असेल, दोन दातांच्या मधली खोल कीड असेल, काम पाऊण तास चालणार असेल, तर कापूस किती वेळ पुरणार? तो भिजतो, बदलावा लागतो आणि बदलताना नेमकी जीभ मधे येते.

याला दीडशे वर्षांहून जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा उपाय आहे रबर डॅम. डॅम म्हणजे धरण, पण हे धरण पाणी साठवण्यासाठी नसून थोपवण्यासाठी आहे. साधारण पंधरा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पातळ रबराचा चौकोन, हिरवा किंवा निळा. त्याला पंचने गरजेपुरती छिद्रे पाडायची, एक छोटा स्प्रिंगसारखा चिमटा दाढेच्या मानेवर बसवायचा, छिद्रातून दात बाहेर काढायचा आणि रबर एका चौकटीवर ताणून धरायचे. जीभ, गाल, ओठ, लाळ सगळे रबराच्या पलीकडे. अलीकडे उरतात ते फक्त दात. लहान मुलांना आम्ही सांगतो, तुझ्या दाताला रेनकोट घालतोय. मुले बहुधा मोठ्यांपेक्षा कमी कुरकुरतात.

हा शोध न्यूयॉर्क राज्यातल्या सॅनफर्ड बार्नम या तरुण दंतवैद्याच्या नावावर आहे. तारीखही नोंदलेली आहे, १५ मार्च १८६४. त्या काळी दातात सोन्याचा वर्ख ठोकून भरत. शुद्ध सोन्याचे पापुद्रे दाबले की एकमेकांना जोडले जातात, पण ते स्वच्छ आणि कोरडे असतील तरच. लाळेचा स्पर्श झाला की तासाभराची मेहनत वाया. त्या त्रासातून बार्नमने रबराच्या तुकड्याला भोक पाडून ते दातावर चढवले. पुढे १८८२ च्या सुमारास छिद्रे पाडायचा पंच आणि निरनिराळ्या दातांसाठी धातूचे चिमटे बाजारात आले. आजच्या दवाखान्यातला संच थोड्याफार फरकाने तोच आहे.

बार्नमबद्दल आदर वाटतो तो आणखी एका कारणासाठी. त्याने या शोधाचा पैसा केला नाही, व्यवसायबंधूंना तो फुकट देऊन टाकला. त्याच काळात अमेरिकेत रबराच्या कवळ्यांचे पेटंट असलेली एक कंपनी प्रत्येक दंतवैद्याकडून परवान्याची फी वसूल करत होती आणि न देणाऱ्यांना कोर्टात खेचत होती. प्रकरण इतके चिघळले की १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका दंतवैद्याने त्या कंपनीच्या खजिनदाराला गोळी घातली. रबर तेच, पण एकाने त्यावर फी लावली आणि दुसऱ्याने ते वाटून टाकले. (रबराचा विषय निघालाच आहे तर, आपल्या खडकीतल्या स्वस्तिक रबर कारखान्याची आठवण जुन्या मंडळींना झाल्याशिवाय राहणार नाही.)

फिलिंगमध्ये रबर डॅम असावा की नाही यावर थोडा वाद होऊ शकतो. रूट कॅनालमध्ये मात्र वादाला जागाच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. युरोपातील आणि अमेरिकेतील रूट कॅनाल तज्ज्ञांच्या संघटनांनीही तसेच म्हटले आहे. कारण समजायला १९६५ चा एक प्रयोग पुरेसा आहे. काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या तिघांनी दोन प्रकारचे उंदीर घेतले. एक गट नेहमीचा आणि दुसरा संपूर्ण जंतुमुक्त वातावरणात वाढवलेला. दोन्ही गटांच्या दाढांना आतल्या नसेपर्यंत भोक पाडले आणि तसेच उघडे सोडले. नेहमीच्या उंदरांत नस सडली, मुळाशी गळू झाले. जंतुमुक्त उंदरांत अन्न त्या भोकात जात असूनही नस जिवंत राहिली, आणि काहींत तर भोकावर नवे आवरण तयार होऊ लागले. गुन्हेगार भोक नव्हते, जिवाणू होते.

आता हिशेब करा. रूट कॅनाल म्हणजे मुळाच्या आतून जिवाणू काढून टाकण्याचे काम. आणि लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी जिवाणू असतात. घर पुसून घ्यायचे आणि दार मात्र गटाराकडे उघडे ठेवायचे, असे हे होते.

दुसरे कारण जिवाच्या सुरक्षिततेचे. रूट कॅनालच्या फाइल केसासारख्या बारीक असतात आणि हातमोज्यातून निसटू शकतात. पाठीवर झोपलेल्या रुग्णाच्या घशात अशी फाइल पडली आणि गिळली गेली तर बहुतेक वेळा शौचावाटे निघून जाते, पण तोपर्यंत एक्स-रे आणि जिवाला घोर. ती श्वासनलिकेत गेली तर दुर्बिणीने काढावी लागते. शिवाय मुळे धुण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट वापरतात, म्हणजे घरातल्या ब्लीचचाच प्रकार. त्याची चव आणि जळजळ ज्याने घशात अनुभवली आहे, तो ती विसरत नाही. रबर डॅम हे तिन्ही धोके दारातच अडवतो.

मग संशोधन काय सांगते? इथे हातचे न राखता सांगितले पाहिजे. तैवानमध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या नोंदींवरून पाच लाख सतरा हजारांहून अधिक रूट कॅनाल केलेल्या दातांचा माग काढला गेला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपास डॅम वापरलेले ९०.३ टक्के दात टिकले होते आणि न वापरलेले ८८.८ टक्के. फरक दीड टक्क्याचा. लहान वाटेल, पण तो आहे, आणि दात आपला असेल तर दीड टक्काही आपलाच असतो. फिलिंगबद्दल कॉक्रेन या नावाजलेल्या संस्थेने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. निष्कर्ष असा की कापसापेक्षा रबर डॅम वापरल्यावर फिलिंग निकामी होण्याचे प्रमाण कमी असू शकते, पण अभ्यास थोडे आहेत आणि पुरावा फार भक्कम नाही. म्हणून ‘डॅम नाही तर फिलिंग वाया’ असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तेही खरे नव्हे. कापूस आणि चांगली सक्शन यांवर कसलेला हात उत्तम फिलिंग करू शकतो. प्रश्न एवढाच की पाऊण तासात एकदाही जीभ हलणार नाही, याची खात्री कोण देणार?

दाताच्या कॉलेजात रबर डॅम प्रत्येकाला शिकवतात. बाहेर पडल्यावर त्याचा डबा कपाटात जातो. भारतात दंतवैद्यांच्या ज्या पाहण्या झाल्या त्यांत नियमित वापरणारे कमीच आढळतात. कारणे विचारली की तीच ती : वेळ जातो, खर्च वाढतो, पेशंटला आवडत नाही. वेळेचे म्हणाल तर सवय असलेल्या हाताला तीन-चार मिनिटे लागतात, आणि पुढे सारखा कापूस बदलणे, ‘थुंका’, ‘चूळ भरा’, ‘परत आ करा’ हे सगळे वाचते. खर्च म्हणाल तर एका शीटची किंमत वडापाव आणि चहाच्या आसपास. पेशंटला आवडत नाही हे मात्र अर्धेच खरे. काहीही न सांगता तोंडावर रबर ताणले तर कोणीही घाबरेल. आधी दोन वाक्यांत समजावले तर बहुतेकांना उलट बरे वाटते, घशात पाणी जात नाही, सारखे गिळावे लागत नाही. माझ्या खुर्चीत डॅम लावल्यावर घोरणारे काका मी पाहिले आहेत.

खरे कारण वेगळे असावे. रुग्ण फिलिंगचे दर विचारतो, रंग विचारतो, किती वर्षे चालेल ते विचारतो. दात कसा वेगळा ठेवणार हे विचारत नाही. जे विचारले जात नाही आणि ज्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत, ते गर्दीच्या वेळी आधी गळते.

प्रत्येक वेळी डॅम शक्य असतो असेही नाही. सर्दीने नाक चोंदलेले असेल तर तोंड झाकून श्वास कसा घेणार? दम्याचा त्रास, लगेच उमासे येणे, बंद जागेची भीती, अर्धवट बाहेर आलेली अक्कलदाढ, हिरडीखाली खोल गेलेली कीड या अडचणी खऱ्या आहेत. आपल्याकडे मशेरीची सवय असलेल्या अनेक बायकांच्या हिरड्या मागे सरकलेल्या असतात आणि दाताच्या मानेशी, हिरडीला लागून खाचा पडलेल्या असतात. तिथे चिमटा बसवणे हीच कसरत. अशा वेळी हिरडीच्या कडेने बारीक दोरा दाबून बसवतात किंवा वेगळे साहित्य निवडतात. ग्लास आयोनोमर हे सिमेंट दाताशी रासायनिक बंध करते, त्यातून फ्लोराइड सुटते आणि ओलाव्याबाबत ते कॉम्पोझिटइतके नाजूक नसते. १९८० च्या दशकात टांझानियात वीज-ड्रिलशिवाय नुसत्या हाताच्या अवजारांनी कीड काढून हेच सिमेंट भरण्याची पद्धत विकसित झाली, कापसाच्या गुंडाळ्यांवर. शाळांतल्या शिबिरांत ती आजही उपयोगी पडते. म्हणजे जिथे कोरडेपणा राखता येणार नाही तिथे तसे मान्य करून साहित्य निवडणे हाही विलगीकरणाचाच विचार झाला.

रुग्णाने काय करायचे? डॉक्टरांची परीक्षा घ्यायची नाही. ‘डॉक्टर, दाढ कोरडी कशी ठेवणार?’ एवढे सहज विचारायचे. ज्यांनी विचार केला आहे ते आनंदाने सांगतील, डॅम नसेल तर का नाही तेही सांगतील. रूट कॅनाल असेल तर डॅम लावणार का, हे थेट विचारायला हरकत नाही. नाक चोंदलेले असेल तर भेट दोन दिवस पुढे ढकला. हिरड्यांतून रक्त येत असेल तर भरण्याआधी दात साफ करून घ्या, आठवडाभरात सूज उतरते आणि काम स्वच्छ होते. आणि काम चालू असताना काही सांगायचे झाले तर बोलू नका, डावा हात वर करा, हे आधीच ठरवून ठेवा.

फुगे फुगवताना ओठ सुजणे, रबरी हातमोज्यांनी खाज येणे किंवा कुठल्या शस्त्रक्रियेत रबराची अ‍ॅलर्जी आढळणे, असे काही पूर्वी झाले असेल तर ते खुर्चीत बसण्यापूर्वी सांगा. लॅटेक्स नसलेल्या शीट मिळतात, पण त्या आधी मागवून ठेवाव्या लागतात. डॅम काढल्यावर चिमट्याच्या जागी हिरडी दिवसभर थोडी दुखू शकते. कोमट पाण्यात मीठ घालून दोन-तीनदा चूळ भरली की पुरते, आणि भूल उतरेपर्यंत त्या बाजूने काही चावू नये.